तराफ्यावरून सांगितलेला आकडा

तराफा सुटला तेव्हा तू त्याच्यावर होतीस.

काठावरचा लोखंडी खुंटा मातीसकट उपटून आला आणि तारेचा दोर माझ्या पायाजवळून सरसरत पाण्यात गेला. दुसरा दोर अजून बाभळीला बांधलेला होता. त्याच्या ओढीनं तराफा अर्धा फिरला, काठाला टेकवलेली फळी वाहून गेली, आणि तू इंजिनाला मिठी मारून गुडघ्यांवर बसलीस. मी बोंबलले, "हौसे, उडी टाक!" तू उडी टाकली नाहीस. इंजिनावरच्या घड्याळाची काच पदरानं पुसलीस आणि भीमेच्या आवाजावर आवाज काढून मला आकडा सांगायला लागलीस. डावीकडून, एकेक अंक.

"मरू दे तो आकडा! उडी टाक!"

"आदी आकडा घे! म्हन परत!"

मी म्हटला. तू मान हलवलीस, एक अंक चुकला म्हणून. मी पुन्हा म्हटला. तेव्हा कुठं तू हात वर केलास, आणि तेवढ्यात दुसरा दोर तुटला. तराफा, इंजिन आणि तू, तिघंही माझ्यासमोरून निघून गेलात.

गेल्या आठवड्यात तू गेलीस ती खाटेवर, पांघरुणात, सकाळचा चहा निम्मा पिऊन. भेटायला आलेली माणसं एकच म्हणत होती, बाई फार शांत होती, कुणाला कधी दुखवलं नाही. मी ऐकून घेतलं. तू शांत कधी होतीस? शेजारच्या मळ्यातली कोंबडी आपल्या वाफ्यात शिरली तर तू तिच्या मालकिणीच्या माहेरापर्यंत जाऊन यायचीस. सोसायटीची पोरं म्हणाली, आजी, तुम्ही चौथी शिकलेल्या, चार ओळी लिहा, सभेत वाचून दाखवू. तुझा जन्म कधीचा, मुलं किती, नातवंडं किती, ते त्यांना ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. मी तुझ्याशी बोलते. त्यांना ऐकायचं असेल तर ऐकू दे.

मी थोरली, तू धाकटी. तुझा नवरा महादू माझा दीर. आपण दोघी ह्या घरात आलो तेव्हा मळा नव्हता, मेंढरं होती. पाऊस सरला की सगळा संसार घोड्यावर बांधायचा आणि मेंढरांमागं चालायचं. चूल रोज नव्या रानात. मला त्याचं काही वाटायचं नाही, मी त्यातच वाढले होते. तू नरसिंहपूरची, दोन नद्यांच्या मध्ये वाढलेली. पहिल्याच वर्षी एका ओढ्याला पाणी आलं आणि मेंढरं पलीकडं जाईनात, तर तू साडी खोचून आत शिरलीस आणि एकेकाला शिंगाला धरून नेलंस. आपल्या घरात पाण्याला सगळे भ्यायचे, मेंढरांपासून आबांपर्यंत. आबा, आपले सासरे, तुझ्याकडं बघतच राहिले. रात्री मला म्हणाले, "ही सून हाय का सुसर?" मी ते तुला सांगितलं, आणि तू वर्षभर आबांना भाकरी वाढताना "सुसर आली" म्हणायचीस.

मग आबांनी आणि शेजारच्या चार घरांनी मेंढरं विकली, सोसायटी केली आणि तेलावर चालणारं इंजिन आणलं. आपल्याकडं नदीचा काठ उंच. उन्हाळ्यात पाणी पार तळाला जातं. म्हणून डांबराची रिकामी पिंपं जोडून, वर फळ्या ठोकून तराफा केला आणि इंजिन त्यावर बसवलं. नदी चढली की तराफा चढायचा, उतरली की उतरायचा. पाइपातून पहिलं पाणी चारीत पडलं तेव्हा सगळे हात जोडून उभे होते, आणि तू पुढं होऊन त्या पाण्यानं चूळ भरलीस. आबा ओरडले, "अगं, द्येवाला तरी दावू दे!" तू म्हणालीस, "द्येवाचं त्वांड सोच्छ हाय, माजं मिसरीनं भरलंय."

त्या पाण्यावर वांगी झाली, मिरच्या झाल्या, पेरूची झाडं लागली. पहिल्या वर्षी कार्तिकात घर सोडून कुठं जायचं नाही, हे आपल्याला खरंच वाटेना. तू भांडी बांधून ठेवली होतीस सवयीनं.

नदी सरकारची होती. पाणी उचलायचा परवाना मिळाला तो अटीवर. इंजिनाच्या अंगाला कचेरीनं सील ठोकून एक घड्याळ बसवलं, इंजिन फिरलं की त्यातले आकडे पुढं सरकायचे. दर तिमाहीला इंदापूरच्या कचेरीत तक्ता द्यायचा, त्यात रोज किती तास इंजिन चाललं, कुठल्या पिकाला पाणी दिलं, आणि शेवटी घड्याळाचा आकडा. मुदतीत तक्ता आला नाही तर परवाना रद्द. एकदा रद्द झाला की परत मिळणं कठीण, कारण खालच्या अंगाच्या मोठ्या बागायतदारांचे अर्ज आधीपासून पडून होते. इंजिन मोडलं तर दुसरं आणता येईल. परवाना गेला तर नदी दारात असून आपण कोरडे. मागं फिरायला मेंढरंही उरली नव्हती.

इंजिन चालवायचे आमचे मालक. तक्ता लिहायची मी, कारण पाच घरांत शाळा बघितलेली मी एकटी. तुला अक्षर येत नव्हतं. मी तुला चुलीपुढं राखेत अंक काढून शिकवले. नऊ उलटा काढायचीस, पण ओळखायचीस बरोबर.

आता आबांची गंमत. गंमत म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. आबांचा महिना अमावस्येला संपायचा. अमावस्येला इंजिन बंद. त्या दिवशी त्याला पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मगच घड्याळाचा आकडा घ्यायचा. मधे कुणी घड्याळाकडं नुसतं निरखून बघितलं तरी आबा चिडायचे, दूध उतू जाईपर्यंत बघत बसावं तसं काय बघता म्हणायचे. तीन अमावस्या झाल्या की तिमाही झाली. आबा धुतलेलं धोतर नेसून तक्ता घेऊन इंदापूरला जायचे. कचेरीची मुदत इंग्रजी महिन्याची आहे हे पाच घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायचं कारणही नव्हतं, कारण अमावस्या इंग्रजी महिना सरायच्या जरा आधी पडायची आणि आपला तक्ता वेळेआधीच पोचायचा. कारकून म्हणायचे, आबा, सगळ्यांच्या आधी तुम्हीच. आबा ते वेशीपासून सांगत यायचे.

त्या वर्षी भादव्याला धोंडा आला. भादवे दोन झाले. धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, कार्य नाही. तो हिशेबात धरायचा नसतो, म्हणून आबांनी तो तिमाहीतही धरला नाही.

पावसानंही दडी मारली होती. एरवी मृगाच्या आधी तराफा ओढून काठावर घ्यायचो. त्या साली मिरच्या माना टाकायला लागल्या, म्हणून पावसाळाभर इंजिन पाण्यातच ठेवलं आणि चालवलं.

निज भादवा निम्मा झाला असेल. दिवेलागणीच्या जरा आधी कचेरीचा शिपाई सायकल रेटत मळ्यात आला. आबा घोंगडीवर बसले होते. आपण दोघी दाराआड.

"आबा, तक्ता कुटाय? समद्यांचं आलं, तुमचाच न्हाय. उद्या शेवटचा दीस."

"कशाचा शेवटचा? आजून पितरं जेवायची हायती, आन् तू भादवा संपवतुस व्हय?"

"भादवा न्हाय वो. सप्टेंबर."

"त्यो कोन?"

शिपायानं कपाळाला हात लावला. "आबा, तुमी धोंडा पाळा, जावयाला अनारसं वाढा. सरकार धोंडा पाळत न्हाय. सरकारचा म्हयना उद्या सरतुया."

"सरकारला बी जावई असतीलच की."

"असतील. पर त्यांला वान देत न्हाईत."

तू फसकन हसलीस. आबांनी दाराकडं असं बघितलं की तू पदर तोंडात कोंबलास. मग शिपाई चहा पिऊन गेला. आबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मेंढरं विकली त्या दिवशीही नाही. ते म्हणाले, "कारकून म्हनायचा, समद्यांच्या आदी तुमीच."

तू तेव्हाच म्हणालीस, आता जाऊन आकडा घेते. आबांनी तिन्हीसांजेला इंजिनाला हात लावू दिला नाही. मालक हिवतापानं दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. महादू वांग्यांच्या लॉरीबरोबर बारामतीला गेला होता. ठरलं असं की सकाळी आकडा घ्यायचा आणि शेजारच्या गाडीनं इंदापूर गाठायचं. आबांना यावंच लागणार होतं. सोसायटीचा अंगठा त्यांचा.

सकाळी आभाळ कोरडं ठणठणीत होतं. नदी मात्र लाल. वर मावळात कुठंतरी पाऊस कोसळला होता, आणि त्याचं पाणी रातोरात आपल्या दारात आलं होतं. तराफा दोर ताणून उभा होता. फळी वरखाली आपटत होती.

त्या फळीपाशी आपण भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून इथं नीट लिहिते. सोसायटीच्या पोरांनाही कळू दे कोण काय म्हणालं.

मी म्हणाले, "म्हागं फिर. रोजचं तास माझ्यापाशी लिव्हल्यालं हायत. त्यावरनं अंदाजानं आकडा घालते."

"आन् सायेब सील बघाया आला तर?"

"ही नदी बघ. दुपारपतूर इंजान ऱ्हातंय का? इंजान गेलं की घड्याळ गेलं. कोन बघनार?"

"आन् न्हाय गेलं तर?"

"तवाचं तवा बघू."

"तुजं तवा बघू म्हंजी परवान्यावर पानी. आकडा चुकला तर खोटा तक्ता दिला म्हनतील. उशिराचा तक्ता बरा त्यापरीस."

आबा मागून म्हणत होते, पोरींनो, राहू द्या. तू त्यांच्याकडं वळून म्हणालीस, "आबा, सुसर कवा बुडती का?" आणि फळीवर पाय ठेवलास.

पुढचं वर लिहिलंच आहे.

दुसरा दोर तुटल्यावर आबा हाका मारत शेजारच्या मळ्याकडं पळाले आणि मी काठाकाठानं खाली पळाले. पळताना मी आकडा घोकत होते. शाळेत पाढे घोकायचो तसा, मोठ्यानं, दम लागला तरी मोठ्यानं. थांबले असते तर मधला एखादा अंक निसटला असता, आणि तू तो दुसऱ्यांदा सांगायला नव्हतीस. शेंडगेवस्तीच्या बाया भांडी टाकून धावत आल्या. "काय झालं? हौसा कुटं हाय?" मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी परत विचारलं, मी परत आकडा सांगितला. एकीनं मला धरून हलवलं. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. पुढं कित्येक वर्षं ती बाई माझ्याशी जपून बोलायची.

वळणावर तराफा एका बाजूला कलंडला आणि इंजिन आत गेलं. तू मात्र नव्हतीस त्यावर. मग पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या राईत मला तुझं डोकं दिसलं. एका फांदीला दोन्ही हातांनी धरून होतीस. काटे लागत असतील, पण तो विचार मला आज लिहिताना येतो, तेव्हा आला नाही. पाणी चढत होतं. आपल्या मधे लाल पाण्याचा चांगला रुंद पट्टा होता आणि मला पोहता येत नव्हतं.

तू मला बघितलंस आणि ओरडलीस, "हितं काय करतीस? जा की!"

मी आकडा म्हणून दाखवला. तू मान हलवलीस, बरोबर म्हणून. मग परत, "जा!"

शेजारच्या मळ्यातले गडी मोटेचा नाडा खांद्यावर घेऊन काठानं येताना दिसले. मी त्यांना बोटानं बाभळी दाखवल्या. आणि वळले.

मी तिथं थांबून काय केलं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. रडले असते. त्यासाठी काठावर बाया पुष्कळ होत्या. घरी येऊन तक्त्यात आकडा लिहिला, तो कोरडा होईपर्यंत फुंकला, आणि मग पहिल्यांदा तोंडातून दुसरा शब्द काढला. तो शब्द होता, गाडी.

आबा गाडीत बसायला तयार नव्हते. "पोर पान्यात हाय आन् मी अंगठा लावाया जाऊ? आगं, मानूस हायस का कोन?"

"आबा, ती पान्यात गेली कशापायी?"

आबांनी घोंगडी खांद्यावर घेतली आणि चाकावर पाय ठेवला.

"बैलं हाना," मी गाडीवानाला सांगितलं.

वाटभर आबा घोंगडीत तोंड घालून रडले. मी मागं बघितलं नाही. हे तुला मी कधी सांगितलं नाही, म्हणून सांगते. वाटेत एक चढ आहे, तिथून नदीचं ते वळण दिसतं. गाडीवान म्हणाला, वैनी, दिसतंय बघा हितनं. मी बैलांच्या शिंगांकडं बघत राहिले. बघितलं असतं आणि बाभळीवर तू नसतीस, तर मी गाडीतून उतरले असते, आणि तुझं पाण्यात जाणं फुकट गेलं असतं. एवढाच विचार होता. दुसरा कुठला मी डोक्यात येऊ दिला नाही.

कचेरीत गर्दी होती. कारकुनानं आबांना बघून हाक मारली, "या आबा! अवंदा सगळ्यांच्या मागं?" मग त्यांचं लक्ष माझ्या लुगड्याकडं गेलं. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी चष्मा लावला. तक्ता वाचला, बोट ठेवून आकडा वाचला आणि मागच्या तिमाहीच्या आकड्याशी ताडून बघितला.

"हा आजचा आहे ना?"

"आजचाच."

"कुणी घेतला?"

"माझ्या जावेनं."

"तिला आणायचं की, सही करायला."

"तिला येळ न्हवता," मी म्हणाले.

आबांनी अंगठा लावला. कारकुनानं त्यांचा हात धरून टेकवला. शिक्का बसला. मी पोच मागितली. ते म्हणाले, बसा बाई, पाणी घ्या, पोच देतो, पळून जात नाही. मी बसले नाही. पाणीही घेतलं नाही. पाणी मी त्या दिवशी पुष्कळ बघितलं होतं.

परत आलो तेव्हा दारात माणसं जमलेली. आबा गाडीतच बसून राहिले. मी गर्दीतून आत गेले. तू चुलीपुढं बसली होतीस, माझं लुगडं नेसून, हातांना चिंध्या बांधलेल्या, आणि मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खात होतीस. घास थांबवून विचारलंस,

"दिलास?"

"दिला."

"पोच?"

"हाय."

"मग हुबी काय ऱ्हायलीस? बस, वाढून घे."

मी वाढून घेतलं. आपण दोघी जेवलो. बाहेर आबा आल्यागेल्याला सांगत होते की सुसर आली. त्या दिवसाबद्दल आपण याच्यापेक्षा जास्त कधी बोललो नाही. भांडलो मात्र जन्मभर.

महादू दुसऱ्या दिवशी बारामतीहून आला. त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं की थोरलीनं जावेला पाण्यात टाकलं आणि कागद द्यायला गेली. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "वैनी, ती बुडाली आसती तर?"

मी म्हणाले, "तर परवाना ऱ्हायला आसता."

तो दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तू त्याला सांगितलंस, मीच धाडली तिला, आणि तुजं घर ऱ्हातंय त्या परवान्यावर, तवा गप भाकर खा. तू माझी बाजू घेतलीस ती तेवढी एकदाच. दुसऱ्या दिवशी लोणच्यात मीठ जास्त झालं म्हणून परत सुरू. पण ती एकदा घेतलीस, हे मी विसरले नव्हते. तुला तसं कधी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू त्यावर वर्षभर जेवली असतीस.

पाणी उतरल्यावर इंजिन खालच्या डोहाजवळ वाळूत रुतलेलं सापडलं. सगळ्या गावानं मिळून ते ओढून काढलं. साहेब आले, सील बघितलं, धड होतं. घड्याळ उघडलं, वाळू झटकली, आकडा वाचला. मी लिहिलेलाच निघाला, शेवटच्या अंकापर्यंत. साहेबांनी तक्त्याशेजारी खूण केली आणि परवाना चालू राहिला. इंजिन दुरुस्त होईपर्यंत रब्बी निम्मी गेली, पण पुढच्या उन्हाळ्याला पाइपातून परत पाणी पडलं. ह्या वेळी चूळ भरायच्या आधी तू आबांना पुढं केलंस. आज सोसायटीची जेवढी बाग आहे ती त्या परवान्यावरची. पुढच्या पोरांना वाटतं परवाना आपोआप मिळाला.

साहेब गेल्यावर तू कमरेवर हात ठेवून मला विचारलंस, "काय वो आक्का, तुमचा अंदाज काय व्हता?"

मी सांगितलं नाही. तू रोज विचारलंस. नंतर सणासुदीला विचारलंस. माझ्या सुनांसमोर विचारलंस, तुझ्या नातवाच्या लग्नात हळद लावताना विचारलंस. मी म्हणायची, अंदाजानंही चाललं असतं. तू म्हणायचीस, मग सांग की किती लिहिणार होतीस. आणि मी उठून जायची.

त्या वर्षापासून आबांनी तारखा आपल्या दोघींकडं सोपवल्या. अमावस्येचा नारळ चालू राहिला, तक्ता मात्र इंग्रजी महिन्यानं. मी तुला मुठीच्या हाडांवर महिने मोजायला शिकवलं, वरच्या हाडाला एकतीस, मधल्या खड्ड्याला तीस. फेब्रुवारीवर तू चिडायचीस, हा कसला आखडता म्हयना, म्हणायचीस. मग तिमाही सरत आली की तू भाकरी थापतानाच मूठ आवळून बघायचीस आणि हाक द्यायचीस, "आक्का, तक्ता!" मी चिडायची. मला ठाऊक होतंच. पण तू हाक दिल्याशिवाय मी कधी पेन हातात घेतलं नाही, आणि आपला तक्ता परत कधी शेवटच्या दिवसावर गेला नाही. पुढं लाइटीचे पंप आले, आबा गेले, मालक गेले, महादू गेला. तक्ता मुलांकडं, मग नातवांकडं गेला. आता ते मशीनवर बटण दाबतात. तरी तू फोन करायला लावायचीस, पाठवला का, पोच आली का. पोरं हसायची. हसू देत. पाठवायची मात्र.

शेवटच्या दिवसांत तुला माणसं ओळखू येईनात. डॉक्टरनं नातवाचं नाव विचारलं, तू दुसऱ्याच कुणाचं सांगितलंस. संध्याकाळी मी खाटेशी बसले होते. तू माझा हात धरलास, मला वाटलं हात धरायचा आहे. तू माझी मूठ मिटवून तिच्यावरची हाडं मोजायला लागलीस. मधेच थांबलीस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "तुजा अंदाज काय व्हता?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं, असं तुझी सून म्हणते. मरणाऱ्या बाईला एवढंही सांगितलं नाही म्हणून तिनं माझ्याकडं तसं बघितलं. तिला कळणार नाही. मी सांगितलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि मग तुला थांबायला काय कारण होतं? मी म्हणाले, "अंदाजानं बी चाललं आसतं." तू हात झटकून टाकलास आणि भिंतीकडं तोंड केलंस. जीव होता तुझ्यात तोवर.

आता मी तो आकडा कुणालाच सांगणार नाही. सोसायटीच्या पोरांनो, तुम्हीही विचारू नका. माझ्या तोंडून ऐकायचा हक्क जिचा होता तिला मी दिला नाही, तर तुम्हाला काय देणार? तुम्ही एवढंच लक्षात ठेवा, की ह्या तिमाहीचं शेवटचं हाड जवळ आलं आहे. हौसा हाक द्यायला नाही. मी देणार आहे. बटण दाबलं का ते मला घरी येऊन सांगा, आणि पोच दाखवा. मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचून दाखवा, एकेक अंक, डावीकडून. मी परत म्हणेन. चुकले तर मान हलवा.

बाभळीचे काटे लागलेल्या तुझ्या हातांवर ते पांढरे वण शेवटपर्यंत होते. तुला अंघोळ घालताना मी ते पुसले तशी तुझी सून म्हणाली, आत्या, ते जायचे नाहीत. मला काय माहीत नव्हतं?

त्या सकाळी तराफ्यावर तू होतीस आणि काठावर मी. त्यातून दोघी जगलो. आता मी आहे.